घसा बसलाय, आता घडी बसवू

'ताई, बालवर्गावर माझं हे पहिलंच वर्ष. चार-साडेचार वर्षांची २४ मुलं, मी आणि मदतीला एक मावशी. प्रशिक्षणात सगळं सोपं वाटलं होतं. प्रत्यक्षात अर्ध्या तासाचा सकाळचा गोल दहा मिनिटांत मोडतो, हात धुवायच्या रांगेत रोज ढकलाढकली होते, घरी जायच्या वेळी तर नुसता गोंधळ. एक मुलगा ठोकळे फेकतो, मारतो. विचारलं की "मारायचं नसतं" असं स्वतःच म्हणतो आणि पाचव्या मिनिटाला पुन्हा मारतो. मग मावशी त्याला बाहेर झोपाळ्यापाशी नेऊन शांत करतात. भिंतीवर चांदण्यांचा तक्ता लावलाय, त्यात त्याच्या नावापुढे एकही चांदणी नाही. मुख्याध्यापिका म्हणतात वर्ग शांत हवा. मावशी म्हणतात एक धपाटा द्या, सुतासारखा सरळ येईल. ओरडून ओरडून माझा घसा बसलाय. परवा तर इतक्या जोरात ओरडले, की कोपऱ्यात चित्र काढत बसलेल्या, कधीच त्रास न देणाऱ्या एका मुलीने जागेवरच शू केली. मी या कामाची नाहीच का?'
– घसा बसलेली बाई

बाई,

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी लिहिलीत, म्हणून मी तिथूनच सुरू करते. त्या मुलीशी बोललात का? नसाल, तर उद्या सकाळी ती दप्तर ठेवत असेल तेव्हा तिच्याजवळ गुडघ्यावर बसा आणि म्हणा, 'त्या दिवशी मी खूप मोठ्याने ओरडले. तुला भीती वाटली ना? माझं चुकलं. मी तुझ्यावर रागावले नव्हते.' बस, एवढंच. कपडे ओले झाल्याचा विषय काढू नका, चारचौघांत तर नाहीच. मोठी माणसं माफी मागायला लागली की स्वतःचंच मन हलकं करत बसतात आणि त्या लेकराला आपली समजूत काढायला लावतात. तेवढं टाळा. ओरडणं नेमकं कुणासाठी होतं हे चार वर्षांच्या मुलाला कळत नाही. आवाज खोलीतल्या सगळ्यांच्या अंगावर येतो. ज्याच्यासाठी ओरडलात तो फेकतच राहतो आणि जिचा काही संबंध नाही ती भेदरून जाते.

'मी या कामाची नाहीच का' याचं उत्तर मात्र मी देणार नाही. माझ्या पहिल्या वर्षी मी एका मुलाला वर्गाच्या दाराबाहेर उभं केलं आणि विसरून गेले. मधली सुट्टी झाली तेव्हा आठवलं. तो तिथेच होता, भिंतीवरच्या मुंग्या मोजत. त्याला त्याचं काहीच वाटलेलं दिसलं नाही, मला मात्र अजून वाटतं. तेव्हा कोण कामाचं आणि कोण बिनकामाचं हा हिशेब नंतर करू. आधी नळाचा हिशेब करू.

तुमच्याकडे २४ मुलं. एकाला हात धुवून पुसायला अर्धं मिनिट धरा, आणि अर्ध्या मिनिटात पाण्याशी न खेळता हात धुणारं मूल मला अजून भेटायचंय. नळ एकच असेल तर शेवटचं मूल बारा मिनिटं रांगेत उभं राहतं. हातात काही नाही, समोर पुढच्याची पाठ. या वयाचं मूल बारा मिनिटं काय करेल? पुढच्याची वेणी ओढेल. त्यात वाईटपणा नाही, तेवढंच करण्यासारखं तिथे आहे. तुम्ही सांगितलेले तीनही प्रसंग पुन्हा वाचा: गोल, हात धुण्याची रांग, घरी जायची वेळ. तिन्ही ठिकाणी मुलं कशाची तरी वाट बघत असतात. वर्ग कामात बिघडत नाही, दोन कामांच्या मधल्या फटीत बिघडतो. बालवर्गाच्या बाईचं निम्मं कौशल्य या फटी बुजवण्यात जातं, आणि प्रशिक्षणात नेमकं तेवढंच शिकवायचं राहून जातं.

मग नळाचं काय करायचं? रांगच लावायची नाही. सहा मुलं मावशींबरोबर नळावर, बाकीची अठरा तुमच्याबरोबर गाणं म्हणत किंवा चित्रांची पुस्तकं उलटत बसलेली. सहा जण आले की पुढचे सहा. सगळ्यांना मिळून वेळ तेवढाच लागतो, पण नळापाशी कुणीही तीन मिनिटांहून जास्त उभं राहत नाही. घरी जातानाही हेच. सगळ्या २४ जणांना एकदम दप्तराच्या खणाकडे सोडलंत तर चेंगराचेंगरी होणारच. 'ज्यांच्या अंगावर आज लाल रंग आहे ते उठा' म्हणा. मुलं आपल्या अंगावर लाल शोधण्यात इतकी गढून जातात की ढकलायचं राहून जातं.

गोल अर्ध्या तासाचा आहे असं तुम्ही लिहिलंय, तेही सहज, जाता जाता. इतका वेळ तर शिक्षकांच्या बैठकीत मीसुद्धा नीट बसत नाही. या वयाला दहा-बारा मिनिटं पुष्कळ झाली, आणि त्यातही आधी हातपाय हलवायचं गाणं, मग गोष्ट. उलटा क्रम लावलात तर गोष्टीच्या मध्येच कुणीतरी बेडूक होतं. हजेरी गोलात घेत असाल तर आजपासून बंद करा. २४ नावं ऐकत बसणं म्हणजे पुन्हा रांगच, फक्त बसून. मुलं आत येताना आपापलं चित्र असलेली पट्टी भिंतीवरच्या कापडी खिशात सरकवतील, झाली हजेरी.

दुसरी गोष्ट, खेळ थांबवायची वेळ. 'पाच मिनिटांनी आवरायचं हं' असं आपण म्हणतो. पाच मिनिटं म्हणजे किती हे त्यांना ठाऊक नसतं, म्हणून ती सूचना त्यांच्या दृष्टीने नुसता एक आवाज. 'अजून तीन ठोकळे चढवा, मग मनोरा तसाच ठेवून यायचं' हे त्यांना कळतं. आवरायचं गाणं एकच ठेवा, रोज तेच. तुम्हाला दुसऱ्या आठवड्यात त्याचा वीट येईल, मुलांना वर्षभर येणार नाही. दिवसाची चित्रंही भिंतीवर ओळीने लावा: गोल, खेळ, हात धुणं, खाऊ, अंगण, गोष्ट, घर. झालेलं चित्र रोज एका मुलाने उलटं करायचं. पुढे काय येणार हे दिसत असलं की मुलं निवांत असतात. सकाळपासून 'आई कधी येणार' विचारणारं मूल असेल, तर त्याला शेवटच्या चित्रापाशी न्या आणि मध्ये किती चित्रं उरलीत ते बोट लावून मोजायला सांगा.

आता तुमच्या त्या ठोकळेवाल्याबद्दल. तो 'मारायचं नसतं' म्हणतो आणि मारतो. मावशींना हा खोडसाळपणा वाटतो, तुम्हालाही थोडा वाटत असणार. पण आपल्याकडे यासाठी फार नेमके शब्द आहेत: कळतं पण वळत नाही. आपण ते टोमणा म्हणून वापरतो, खरं तर ते या वयाचं अचूक वर्णन आहे. गेल्या शतकात लुरिया नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञाने लहान मुलांच्या हातात एक रबरी फुगा दिला आणि सांगितलं, एका रंगाचा दिवा लागला की दाब, दुसऱ्या रंगाचा लागला की दाबू नको. तीन वर्षांच्या आसपासची मुलं सूचना बरोबर समजत होती, पण नको तो दिवा लागला तरी त्यांचा हात दाबतच होता. नियम माहीत असणं आणि निघालेला हात मध्येच थांबवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचं काम कपाळामागचा मेंदू करतो, आणि तो पूर्ण तयार व्हायला विशी उलटून जाते. पाच वर्षांच्या आत त्यातली बरीच मुलं थोडं थोडं थांबायला शिकतात. काही उशिरा शिकतात. तुमचा हा बहुधा उशिराचा.

म्हणूनच 'पळू नको' पेक्षा 'चालत ये' म्हणा. 'फेकू नको' पेक्षा 'ठोकळा जमिनीवर ठेव'. 'नको' ऐकून मुलाला आधी सुरू झालेलं थांबवायचं असतं आणि मग त्याऐवजी काय करायचं ते स्वतः शोधायचं असतं. तेवढी सवड त्याच्याकडे नसते. आणि हे खोलीच्या दुसऱ्या टोकावरून सांगू नका. चालत जवळ जा, त्याच्या उंचीला बसा, हळू बोला. सुरुवातीला तुमचे पाय दुखतील, पण घसा वाचेल.

आठवडाभर एक वही ठेवा. प्रत्येक वेळी तीनच गोष्टी टिपा: आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. वेळही लिहा. दोन-तीन ओळी पुरे, निबंध नको. पहिल्या रकान्यात बहुधा तीच तीच गोष्ट पुन्हा दिसेल: दुसऱ्याच्या हातातली वस्तू, गर्दी, खेळ मोडायची वेळ, किंवा खाऊच्या आधीची भूक. पण मला जास्त उत्सुकता तिसऱ्या रकान्याची आहे, कारण त्यातलं एक उत्तर तुमच्या पत्रातच आहे. ठोकळे फेकले की मावशी हात धरून बाहेर नेतात, झोपाळ्यापाशी! बाई, २४ मुलांत एकट्याला मावशी मिळतात, अंगण मिळतं, झोपाळा मिळतो. तुम्ही त्याला शांत करताय, त्याच्या हिशेबी ही सहल आहे. मी त्याच्या जागी असते तर रोज दोनदा फेकले असते.

याचा अर्थ झोपाळा बंद करा असा नाही. झोपाळा आधी द्या. त्याची बिघडायची वेळ वहीत सापडली, की त्या वेळेच्या दहा मिनिटं आधी मावशींनी त्याला स्वतःहून बोलवावं: 'चल, मला पाण्याच्या बाटल्या उचलायला मदत कर, मग एक झोका.' जे तो फेकून मिळवतो ते न फेकता मिळू लागलं तर फेकायचं कारणच कमी होतं. फेकल्यानंतर मात्र सहल नाही. त्याच्याजवळ जा, हात हळूच पण घट्ट धरा, आणि एकच वाक्य म्हणा: 'मी तुला मारू देणार नाही.' त्याच्याकडे प्रश्न घेऊन जाऊ नका. 'का मारलंस?' याचं उत्तर त्याच्याकडे खरोखर नसतं. लगेच ज्याला लागलं त्याच्याकडे वळा. लक्ष पहिल्यांदा ज्याला लागलं त्याला मिळालं पाहिजे. आणि 'सॉरी म्हण, सॉरी म्हण' असा धोशा लावू नका. जबरदस्तीचं सॉरी ही मुलांसाठी सुटकेची चावी होऊन बसते, मारायचं, चावी फिरवायची, मोकळं व्हायचं. त्यापेक्षा ओला रुमाल आणून द्यायला सांगा, पडलेला मनोरा दोघांना मिळून लावायला सांगा.

मारण्याऐवजी काय करायचं ते त्याला शांत वेळी शिकवावं लागेल. भांडणाच्या क्षणी काहीही शिकवता येत नाही. सकाळी दोन बाहुल्या घ्या, एक गाडी घ्या आणि नाटक करा: 'मला पण हवी.' 'तुझं झालं की मला दे.' ही दोन वाक्यं त्याच्या तोंडात बसेपर्यंत रोज करा. दुसरी मुलंही शिकतील, ते वरचं व्याज. शब्द कमी पडतात तिथे हात चालतो, या वयात तर फारच.

एक इशारा देऊन ठेवते. किरकोळ चाळ्यांकडे, म्हणजे जीभ दाखवणं, खुर्ची वाजवणं वगैरेंकडे तुम्ही लक्ष देणं बंद केलंत, तर पहिले काही दिवस ते वाढतील. आधी वाजवली की बाई यायच्या, आता येत नाहीत, म्हणजे जोरात वाजवायला हवी, असा त्याचा सरळ हिशेब असतो. बहुतेक बाया नेमक्या त्याच दिवशी हार मानतात आणि त्याला शिकवून जातात की जोरात वाजवली की काम होतं. मारण्या-चावण्याकडे मात्र कधीच काणाडोळा करायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

आणि हाक मारली की तो वळून बघतो का? पाठीमागून, हळू आवाजात हाक मारून बघा. माझ्या वर्गात एक मुलगी होती, कधी म्हणून ऐकायची नाही. आम्ही सगळ्यांनी तिला हट्टी ठरवून टाकलं होतं. पुढे कळलं की कानाच्या पडद्यामागे पाणी साठून तिला कमी ऐकू येत होतं. या वयात हे पुष्कळ मुलांना होतं, आणि सर्दीपडशानंतर येतं-जातं, म्हणून लक्षात येत नाही. वहीत दोन-तीन आठवड्यांनीही काही फरक दिसला नाही, तर पालकांशी बोलून कान, डोळे आणि बोलणं तपासून घ्या.

धपाट्याबद्दल मावशींशी तुम्हीच बोला, पण एकट्यात आणि प्रेमाने. त्यांनी बहुतेक तेच पाहिलेलं असणार. मारू नको हे मारून शिकवता येत नाही, एवढं त्यांनाही पटेल. न पटलं तरी वर्गात हात उचलला जाणार नाही, यावर चर्चा नाही.

आता चांदण्या. हा तक्ता काढा, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि यावर माझे माझ्या मैत्रिणींशीही वाद झालेत. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी एका बालशाळेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रं काढायला आवडणारी तीन ते पाच वर्षांची मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि लाल फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते चित्र झाल्यावर अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या खेळात त्याच स्केचपेनांशी कोण किती वेळ रमतं ते पाहिलं, तर बक्षिसाचं आमिष दाखवलेली मुलं बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रं काढत होती. जे आनंदाने करत होती ते काम झालं होतं. मुलाला मुळीच न आवडणाऱ्या गोष्टीसाठी चार दिवस चांदणी दिली तर आभाळ कोसळत नाही, मीही दिल्या आहेत. पण तुमचा तक्ता भिंतीवर आहे, सगळ्यांना दिसतो, आणि त्यात एका नावापुढची ओळ रिकामी आहे. ती ओळ तो मुलगा रोज बघतो. बाकीचे २३ जणही बघतात, आणि काही पडलं-सांडलं की न बघताच त्याचं नाव घेतात. घेतात ना?

चांदणीऐवजी जे दिसलं ते सांगा. 'शाब्बास, गुड बॉय' यातून मुलाला काही कळत नाही. 'तिला कात्री हवी होती, तू थांबलास' यातून कळतं. त्याच्या बाबतीत असे क्षण शोधावे लागतील, कारण तो चांगला असतो तेव्हा आपण सुटकेचा श्वास टाकून दुसरीकडे बघतो. आणि 'बघा, ती किती छान बसलीय' हे वाक्य सोडून द्या. ज्या शांत मुलीचं नाव तुम्ही घेता, तिच्यावर बाकीच्यांचा राग निघतो.

मुख्याध्यापिकांना शांत वर्ग हवा, हे मी समजू शकते, त्यांचं दार तुमच्या भिंतीला लागून असेल. त्यांना खेळाच्या वेळी दहा मिनिटं आत बोलवा. कामात गुंतलेल्या मुलांची गुणगुण आणि गोंगाट यांतला फरक बाहेरून कळत नाही, आत बसलं की कळतो. शांततेची हौस असेल तर तीही भागवता येते. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं. तिथे एकदा त्या चार महिन्यांच्या एका तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन वर्गात आल्या आणि मुलांना म्हणाल्या, हे बघा किती शांत आहे, तुम्हाला इतकं शांत होता येईल का? मुलांनी श्वास रोखले. त्यातून त्यांचा शांततेचा खेळ तयार झाला: सगळे स्तब्ध, आणि बाई दुसऱ्या खोलीतून एकेकाला कुजबुजत्या आवाजात हाक मारणार, ज्याचं नाव ऐकू येईल तो पाय न वाजवता येणार. मुलं यासाठी वेडी होतात. तुम्ही करून बघाच, पण वर्ग आधीच बऱ्यापैकी शांत असेल तेव्हा, आणि एखादंच मिनिट. गोंधळ थांबवण्यासाठी वापरलात तर तो खेळ राहणार नाही, 'तोंडावर बोट' होईल.

तक्रार घेऊन आलेल्या पालकांना त्या मुलाचं नाव सांगू नका, फाटकात उभं राहून तर काहीच सांगू नका. आणि त्याच्या आईला या आठवड्यात एकदा तरी त्याच्याबद्दलची एखादी चांगली गोष्ट सांगा, खरी. तिला शाळेतून आजवर फक्त तक्रारीच ऐकू आल्या असणार.

हे सगळं सोमवारपासून एकदम सुरू करू नका. सोमवारी फक्त नळ. त्याच दिवसापासून वही. गोल त्यानंतरच्या आठवड्यात छोटा करा, तक्ता शनिवारी मुलं गेल्यावर उतरवा. कुणी विचारलं तर सांगा, 'तिथे आता तुमची चित्रं लावायची आहेत', आणि लावा, चोवीसही.

घशासाठी एक छोटी घंटा घ्या. वाजवायची एकदाच, आणि मग थांबायचं. ती वाजवायला मुलं भांडतील, म्हणून तिचीही पाळी लावावी लागेल. पहिली पाळी कुणाला द्यायची ते तुम्हाला कळलं असेलच. आणि वहीतल्या तिसऱ्या रकान्यात काय निघालं ते मला नक्की लिहा.

तुमची,
ताई